इंजिन बंद, मास्टर चालूच: होमबिल्ट विमानासाठी बॅटरीचा बझर

प्रश्न थोडक्यात असा. स्वतः बांधलेलं दोन आसनी विमान, लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, १२ व्होल्टची यंत्रणा, १७ अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी. लँडिंगनंतर मास्टर स्विच (बॅटरी सगळ्या यंत्रणेला जोडणारा) बंद करायचा राहिला आणि बॅटरी दोनदा ठार झाली. आता ऑइल प्रेशर स्विचवर बझर जोडावा की व्होल्टेज बघणारं सर्किट करावं? आणि उड्डाणात अल्टरनेटर गेला तर हाच बझर कामाला येईल का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. जमिनीवरच्या विसरभोळेपणासाठी ऑइल प्रेशर स्विच आणि बझर. हवेतल्या अल्टरनेटरसाठी व्होल्टेज बघणारं सर्किट आणि लुकलुकणारा दिवा. दोन्ही एकाच छोट्या बोर्डावर बसतात, पण दोघांचा इशारा एकाच बझरमधून देऊ नका. जमिनीवर इंजिन थांबलेलं असतं, हेडसेट काढलेला असतो, त्यामुळे साधा पिझो बझरसुद्धा कानात घुसतो. हवेत तोच बझर इंजिनाच्या गोंगाटात आणि हेडसेटच्या कुशनमागे हरवतो. एएनआर हेडसेट इलेक्ट्रॉनिक्सने मुख्यतः खालच्या पट्टीतला आवाज मारतो हे खरं, पण वरच्या पट्टीतला आवाज अडवायचं काम त्याचे कप करतातच, आणि बझरचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो. उड्डाणातला इशारा डोळ्यासमोर दिव्याने द्यायचा आणि जमलं तर इंटरकॉममधून कानात सोडायचा. पॅनेलमागे कितीही मोठा भोंगा लावला तरी ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता मास्टर चालू राहिला की नक्की काय होतं ते पाहू. रेडिओ, ट्रान्सपाँडर, दिवे सगळं बंद केलं तरी मास्टर कॉन्टॅक्टरची (बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल स्वतः साधारण पाऊण ते एक अँपिअर खात राहते. तुमची बॅटरी १७ अँपिअर-तासांची आहे हा आकडा बहुतेक वेळा वीस तासांच्या दराने दिलेला असतो, म्हणजे ०.८५ अँपिअरने वीस तास. योगायोगाने कॉन्टॅक्टरची भूक जवळपास तेवढीच. दुपारी चारला विमान आत ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी रिकामी, तीही दुसरं काहीच चालू नसताना. पॅनेलवर तीन-चार अँपिअरचा भार राहिला असेल तर संध्याकाळीच खेळ खलास.

यात आणखी एक खोच आहे. कॉन्टॅक्टर ओढून घ्यायला जेवढा व्होल्टेज लागतो त्यापेक्षा खूपच कमी व्होल्टेजवर तो धरून राहतो. म्हणून तो मधेच सुटून बॅटरीला वाचवत नाही, अगदी तळापर्यंत नेतो. मास्टर एकदा बंद केला की मात्र मेलेली बॅटरी स्वतःचा कॉन्टॅक्टर पुन्हा ओढू शकत नाही. त्यामुळे प्रॉपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू केलं तरी अल्टरनेटरला फील्ड (त्याचं चुंबक जागं करणारा करंट) मिळत नाही आणि बॅटरीला चार्जही नाही. शिवाय अशा अवस्थेत इंजिन सुरू करून उडणं हा विचारही करू नये. बॅटरी बाहेर काढून चार्जरवरच लावायची.

सगळ्यात साधं सर्किट तीनच वस्तूंचं आहे. मास्टर बसवरून (मास्टरनंतरच्या मुख्य वीजपट्टीवरून) १ अँपिअरचा फ्यूज, त्यापुढे बझर, बझरची दुसरी वायर इंजिनावरच्या नॉर्मली क्लोज्ड ऑइल प्रेशर स्विचला. प्रेशर नसलं की स्विच जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, जोडलेला, बझर वाजतो. इंजिन सुरू झालं, प्रेशर चढलं की स्विच उघडतो, बझर गप्प. बिघडायला फारसं काही नाही, आणि मास्टर टाकताक्षणी वाजत असल्यामुळे प्रत्येक उड्डाणाआधी आपोआप तपासणी होते. खूप विमानांत हेच आहे.

अडचण वापरात येते. प्रीफ्लाइटला फ्लॅप खाली करायचे, इंधनाचे गेज बघायचे, ईएफआयएसमध्ये (पॅनेलवरच्या इलेक्ट्रॉनिक पडद्यात) नकाशे भरायचे, तेवढा वेळ बझर किंचाळत असतो. मग माणूस एक म्यूट स्विच लावतो. एके दिवशी तो म्यूट करतो, उडून येतो, म्यूट तसाच, मास्टरही तसाच. रोज मरे त्याला कोण रडे, तशी त्या बझरची गत होते. म्हणून या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ बझर कधी वाजू नये हे ठरवण्यात जातो. नेहमीच्या क्रमाने इंजिन आणि मास्टर बंद करणाऱ्या वैमानिकाला तो एकदाही सतत वाजताना ऐकू येता कामा नये. तरच तो ज्या दिवशी वाजेल त्या दिवशी त्याची दखल घेतली जाईल.

त्यासाठी सर्किटला एक गोष्ट लक्षात ठेवायला शिकवावी लागते: मास्टर टाकल्यापासून इंजिन एकदा तरी चाललं आहे का? हे काम सीडी४०१३ या फ्लिप-फ्लॉपचा अर्धा भाग करतो. मास्टर टाकला की तो रीसेट होतो. ऑइल प्रेशर चढलं की सेट होतो. तो सेट असताना प्रेशर पडलं, तर इंजिन नुकतंच थांबलं आहे आणि मास्टर अजून चालू आहे. इथून पंधरा सेकंद वाट बघायची आणि मग बझर सोडायचा. मिक्स्चर ओढून इंधन तोडलं, मॅग्नेटो (इग्निशन) बंद, मास्टर बंद, हे सगळं पंधरा सेकंदांत सहज होतं, शिवाय प्रेशर पडायलाही थोडा वेळ लागतोच.

इंजिन सुरूच केलं नसेल तर दुसरा नियम. सीडी४०६० या काउंटरला ३३० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावले की त्याचं शेवटचं आउटपुट साधारण दहा मिनिटांनी वर जातं. म्हणजे प्रीफ्लाइटला दहा मिनिटं शांतता, त्यानंतर बझर. पॅनेलवर फक्त एक दाबून सोडायचं बटण ठेवा. ते दाबलं की ४०१३ आणि ४०६० दोन्ही रीसेट होतात आणि पुन्हा दहा मिनिटं मिळतात. मेकॅनिक पॅनेलमागे तासभर काम करत असेल तर दर दहा मिनिटांनी त्याला बटण दाबावं लागेल, आणि तो वैतागेल. वैतागू दे. हँगरमध्ये मास्टर चालू ठेवून काम करताना बाहेरून चार्जर लावलेला असायलाच हवा. बटणाऐवजी टॉगल स्विच मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी लावू नका.

हवेत इंजिन बंद पडलं तर काय, असं लगेच मनात येईल. प्रॉपेलर वाऱ्याने फिरत असतो तोवर ऑइल पंपही फिरतो आणि प्रेशर बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे बझर बहुधा गप्पच राहील. तेल संपूनच प्रेशर गेलं असेल तर तो वाजेल, आणि ते योग्यच आहे. पण त्याला ऑइल प्रेशरचा इशारा समजू नका. या कामासाठी मिळणारे स्विच, म्हणजे तास मोजणाऱ्या हॉब्ज मीटरसाठी वापरतात ते, चार-पाच पीएसआय (दाबाचं एकक) झालं की पलटतात. लायकॉमिंगच्या बहुतेक इंजिनांना आयडलवरसुद्धा किमान २५ पीएसआय लागतं. पाच पीएसआयला बझर वाजला तर तोवर बेअरिंगांचं व्हायचं ते झालेलं असतं.

स्विच बसवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बॅटरी वाचवायला गेलो आणि तेल सांडलं असं होऊ नये. ऑइल प्रेशरच्या पोर्टमध्ये पितळी टी घालून त्यावर स्विच आणि सेन्सर दोन्ही लटकवलेले दिसतात. चार सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीत ते लटकतं वजन पितळी फिटिंगच्या आट्यांपाशी वाकवत राहतं, आणि चीर तिथूनच सुरू होते. इंजिनावर स्टीलचं फिटिंग घ्या, आत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर असलेलं. तिथून अग्निरोधक आवरणाची लवचीक होज फायरवॉलपर्यंत आणा आणि फायरवॉलवर पक्क्या बसवलेल्या मॅनिफोल्डवर स्विच आणि सेन्सर लावा. होज फुटलीच तरी रिस्ट्रिक्टरमुळे तेल हळूहळू जाईल आणि उतरायला वेळ मिळेल. मॅनिफोल्डला जमिनीची वायर स्वतंत्र द्या. रबरी होजमधून जमीन मिळत नाही, आणि हे विसरल्यामुळे ‘स्विच खराब आहे’ म्हणून बदलले गेलेले चांगले स्विच मी बरेच पाहिले आहेत.

स्विचच्या संपर्कातून जाणारा करंट फार कमी ठेवू नका. लॉजिक ५ व्होल्टवर चालतं म्हणून पुल-अपही (स्विच उघडा असताना वायर वर ओढून धरणारा रोधक) ५ व्होल्टवरून १०० किलोओहमचा दिला, तर काही महिन्यांत संपर्कांवर चढलेली पुटं तेवढ्या करंटला जुमानत नाहीत. १२ व्होल्टच्या बसवरून १ किलोओहम द्या, म्हणजे दहा-बारा मिलिअँपिअर जातील आणि संपर्क स्वच्छ राहतील. तिथून लॉजिकमध्ये येताना १०० किलोओहम आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवायला ४.७ व्होल्टचा झेनर डायोड.

ही वायर तुटली तर सर्किटला वाटेल प्रेशर आहे, आणि बझर कायमचा मुका होईल. यावर उपाय सोपा आहे. मास्टर टाकल्यावर अर्ध्या सेकंदाची एक टिक वाजवायची, पण ऑइल स्विचचे संपर्क जुळलेले सापडले तरच. टिक आली म्हणजे फ्यूज, बोर्ड, वायर, स्विच आणि बझर सगळं जागेवर. आली नाही तर उडायला हरकत नाही, पण परत आल्यावर काउलिंग उघडायचं. चेकलिस्टमध्ये मास्टरच्या ओळीपुढे ‘टिक’ एवढा शब्द घाला.

आता व्होल्टेजचा भाग. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी, मग ती एजीएम का असेना, चार्जर काढून निवांत ठेवली की १२.७ ते १२.८ व्होल्टच्या आसपास स्थिरावते. अल्टरनेटर चालू असताना बस १३.८ ते १४.४. मधला १३.० हा आकडा होमबिल्टवाल्यांमध्ये रुळलेला आहे आणि तो बरोबर आहे: बस त्याखाली टिकून राहिली तर बॅटरी खर्ची पडते आहे. काही जण दिवा १२ किंवा ११.५ व्होल्टला लावतात. तोवर बॅटरीतला बराचसा साठा गेलेला असतो. इशारा साठा जायला लागल्याच्या क्षणी हवा.

टीएल४३१ कडून २.४९५ व्होल्टचा संदर्भ घ्या. एलएम३९३ कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपच्या) वजा पायाला तो जोडा, अधिक पायाला बसवरून डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी रोधकांची जोडी). खाली १० किलोओहम, वर ३९ किलोओहम आणि त्याच्याशी मालिकेत ५ किलोओहमचा अनेक फेऱ्यांचा ट्रिमर. साधारण १२.२ ते १३.५ पर्यंत हवा तो उंबरठा लावता येतो. आउटपुटवरून ५ व्होल्टला १० किलोओहमचा पुल-अप, आणि आउटपुटपासून अधिक पायाकडे ८२० किलोओहम. त्याने बसवर सुमारे पाव व्होल्टचा हिस्टेरिसिस मिळतो, म्हणजे १३.० ला लागलेला दिवा १३.२५ च्या पुढे गेल्याशिवाय विझत नाही. हा नसेल तर बस उंबरठ्याजवळ घुटमळताना दिवा भुताटकीसारखा मिचमिचतो. आउटपुटनंतर पाच-सहा सेकंदांचा विलंब ठेवा. स्टार्टर लावताना बस दहा व्होल्टच्या आसपास कोसळते, लँडिंग लाइट टाकताना क्षणभर गचका बसतो, त्यावर दिवा लागायला नको.

ट्रिमर लावायची रीत: बोर्ड टेबलावर, व्होल्टेज बदलता येणारा पुरवठा, आणि बोर्डाच्या टर्मिनलवरच मल्टिमीटरच्या टोच्या. पुरवठ्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. विलंबाच्या आधी, थेट कंपॅरेटरच्या आउटपुटवर बघत १३.५ वरून हळूहळू खाली या आणि १३.० ला पलटेल असा ट्रिमर फिरवा. मग पुरवठा काढून ट्रिमर आणि ३९ किलोओहम मिळून किती भरतात ते मोजा आणि तेवढ्याच किमतीचे एक टक्क्याचे पक्के रोधक त्या जागी झाळा. ट्रिमर ठेवायचाच असेल तर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब द्या. लॉजिकला ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावा, ४००० मालिकेतल्या चिप थेट १४ व्होल्टवर चालवू नका. त्यांची मर्यादा तिथून फार लांब नाही.

सगळं व्होल्टेजवरच का करू नये, ऑइल स्विच कशाला, याचं उत्तर असं की इंजिन थांबल्यावर बॅटरीवरचा पृष्ठभार (चार्जिंगमुळे तात्पुरता चढलेला व्होल्टेज) लगेच उतरत नाही. फक्त कॉन्टॅक्टरचा भार असेल तर बस १३ च्या खाली यायला एखाद-दोन मिनिटंही लागू शकतात, आणि तेवढ्यात तुम्ही कॅनपी लावून चालू लागलेले असता. तेलाच्या लाइनला हातच लावायचा नसेल तर व्होल्टेजवरचं चालेल, फक्त बझर बाहेरूनही ऐकू जाईल असा निवडा.

बझर म्हटला की बहुतेक जण तीन किलोहर्ट्झच्या आसपासचा पिझो उचलतात. वर्षानुवर्षं इंजिनाजवळ काढलेल्या माणसाचे कान आधी जातात ते तीन ते सहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, चार किलोहर्ट्झपाशी सगळ्यात जास्त. शेजारच्या तरुणाला असह्य वाटणारा बझर मालकाला जेमतेम ऐकू येतो. दोन किलोहर्ट्झ किंवा त्याखालचा घ्या, सलग नको, तुटक वाजणारा. इतक्या खालच्या आवाजात विद्युतचुंबकीय बझर सोपे मिळतात, पण त्यांत चुंबक असतो. कंपासपासून दूर बसवा आणि बसवल्यावर कंपास पुन्हा तपासा. त्यांच्या कॉइलवर उलटा डायोडही हवा. पिझोला या दोन्ही कटकटी नाहीत.

संरक्षणाचं थोडक्यात. बोर्डाला येणारा पुरवठा १०० ओहममधून घ्या आणि पुढे टीव्हीएस (व्होल्टेजची उसळी अडवणारा) डायोड लावा. बोर्ड काही मिलिअँपिअरच घेतो, त्यामुळे या रोधकावर फार व्होल्टेज पडत नाही, आणि चार्ज होत असलेली बॅटरी अचानक सुटल्यावर अल्टरनेटरचा जो लोंढा येतो त्यात बोर्ड जगतो. बझर आणि दिवा मात्र या रोधकाच्या आधी, फ्यूजनंतरच्या लाइनवरून चालवा. डिव्हायडरचं वरचं टोकही रोधकाच्या आधीच, नाहीतर तुम्ही बसऐवजी बोर्डाचा व्होल्टेज मोजाल. कंपॅरेटरच्या अधिक आणि वजा, दोन्ही पायांवर ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर अगदी जवळ लावा. फायबरच्या विमानात अँटेना बऱ्याचदा केबिनच्या मागेच असतो आणि रेडिओवर बोलताना दिवा लुकलुकण्याची तक्रार तिथूनच येते. सगळं बसवल्यावर ११८ आणि १३६ मेगाहर्ट्झच्या जवळच्या, कुणी वापरत नसलेल्या एकेका फ्रीक्वेन्सीवर रेडिओचं बोलायचं बटण दाबून बघा.

विमानावरची अंतिम चाचणी: इंजिन १५०० आरपीएमवर, लँडिंग लाइट चालू, अल्टरनेटरचं फील्ड बंद. थोड्याच वेळात दिवा लुकलुकला पाहिजे, फील्ड चालू केलं की विझला पाहिजे. आयडलवर लाइट लावून टॅक्सी करताना दिवा लागत असेल तर तो खोटं बोलत नाही. तेवढ्या फेऱ्यांत अल्टरनेटर पुरा पडत नाहीये, इतकंच. तुमच्या ईएफआयएसमध्ये व्होल्टेजचा अलार्म असेल तर वरचा कंपॅरेटर सोडून द्या, तोच अलार्म १३.० ला लावा आणि फक्त जमिनीवरचा बझर करा. हेच सगळं लहान मायक्रोकंट्रोलरवर करायला माझी हरकत नाही, वॉचडॉग (अडकल्यास पुन्हा सुरू करणारा) आणि ब्राउन-आउट (व्होल्टेज पडल्यास रीसेट करणारा) चालू ठेवणार असाल तर.

पुढेमागे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकणार असाल तर मात्र १३.० विसरा. चार सेलची ती बॅटरी निवांत असताना १३.२-१३.३ दाखवते आणि निम्मी रिकामी झाली तरी फारशी हलत नाही. उंबरठा १३.५ च्या आसपास न्यावा लागतो, आणि ज्यांचा रेग्युलेटरच १३.५ ते १३.८ देतो त्यांच्याकडे तेवढी जागा उरत नाही. तिथे बॅटरीच्या वायरवर हॉल सेन्सर लावून करंट कोणत्या दिशेने जातो तेच बघावं.

शेवटी तुमच्या सध्याच्या बॅटरीबद्दल. दोनदा तळाला गेलेली एजीएम चार्ज करून ठेवल्यावर १२.८ दाखवेलही, इंजिन फिरवेलही, पण अल्टरनेटर गेल्यावर ती किती वेळ साथ देईल हे त्यावरून कळत नाही. पूर्ण चार्ज करा, एक रात्र ठेवा, मग ५ अँपिअरचा भार लावून ११ व्होल्टपर्यंत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. चांगल्या स्थितीतली १७ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच तासांच्या आसपास टिकते. दोन तासही काढले नाहीत, तर बझरच्या आधी बॅटरी बदला.